खाडाखोडीला जागा

साताऱ्यात समुपदेशनाला बसू लागून मला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या तालुक्यातल्या एक शिक्षिका माझ्याकडे येत होत्या. (ओळख पटू नये म्हणून या प्रस्तावनेतल्या सगळ्याच माणसांचे तपशील मी बदलले आहेत.) शाळेत त्यांचा वर्ग सगळ्यांत टापटीप, घरात नाव ठेवायला जागा नाही, आणि रोज पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधड. मी त्यांना आठवडाभर एका वहीत नोंदी करायला सांगितल्या: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं. पुढच्या शनिवारी त्या वही घेऊन आल्या. पानांना पट्टीने समास आखलेला, रकाने दोन रंगांच्या शाईत, अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड कुठेही नाही. मी भारावून म्हणाले, "मॅडम, अशी वही माझ्याकडे आजवर कुणी आणली नव्हती."

त्या हसल्या. त्यानंतरच्या शनिवारी मात्र आल्याच नाहीत. तीन आठवड्यांनी फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं, की ती मूळ वही नव्हतीच. नोंदी कच्च्या कागदांवर होत्या. त्यावरून रात्री जागून त्यांनी पक्की वही उतरवली, एका शब्दावर शाई फुटली म्हणून ती बाजूला टाकली आणि नवी वही आणून पुन्हा सगळं लिहिलं. माझ्या कौतुकानंतर दुसऱ्या आठवड्याची वही पहिलीच्या तोडीची होईना, म्हणून मला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटली. ज्या दुखण्यासाठी त्या आल्या होत्या, त्याच दुखण्याला मी शाबासकी दिली होती.

ही पुस्तिका अशाच चुका बाजूला बसून पाहिलेल्या माणसांनी लिहिली आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत काम करणारे काही समुपदेशक महिन्यातून एकदा एकत्र बसत, आपापल्या अडलेल्या गाठी एकमेकांपुढे ठेवत. त्या बैठकांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. चिंतेवरचे उपचार नीट करूनही काही माणसांची चिंता हलत नाही, नैराश्य थोडं उतरतं आणि परत येतं, आणि खोलात गेलं की तळाशी तोच दगड सापडतो: आपण चुकलो तर आपण संपलो. या दगडाला इंग्रजीत परफेक्शनिझम म्हणतात, मराठीत परिपूर्णतावाद असा शब्द रूढ झाला आहे. मला 'परिपूर्णतेचा हट्ट' हे जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात वादापेक्षा हट्टच मोठा असतो. बोलण्यातून उपचार करण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती आहेत, त्या या हट्टाशी कशा वागतात, कुठे पोचतात आणि कुठे अडतात, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पालकसभेत हा विषय काढला की कुणी तरी उठून विचारतंच, "मॅडम, म्हणजे पोरांनी चांगलं काम करूच नये का?" चांगलं काम करण्याची ओढ हा आजार नाही. पंढरपुरी म्हशीचं दूध निरसं आहे की पाणी घातलेलं हे बोटाने ओळखणारा माणूस, घडातले मणी एकसारखे यावेत म्हणून विरळणी करणारा तासगावचा द्राक्षबागायतदार, यांच्या चोखपणात आनंद असतो. काम बिघडलं तर त्यांना वाईट वाटतं, पण ते स्वतःला निकामी समजत नाहीत. रोझ शफ्रन, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जी व्याख्या मांडली, तिचा रोख नेमका इथे आहे. स्वतःवर लादलेले कठोर निकष गाठता येणं यावरच माणसाची स्वतःबद्दलची सगळी किंमत टांगलेली असेल, आणि त्याचे तोटे सोसूनही तो तेच करत राहत असेल, तर ते उपचाराचं प्रकरण आहे. निकष उंच असणं हे दुखणं नव्हे. त्या निकषाला आपला जीव बांधलेला असणं हे दुखणं.

हे चक्र कसं फिरतं ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. सांगलीत इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा प्रकल्पाचा अहवाल लिहायला बसे आणि पहिल्या परिच्छेदापुढे जात नसे. परिच्छेद मनासारखा होत नाही म्हणून तो खोडायचा, मग मोबाइल हातात घ्यायचा, मग वेळ गेला म्हणून धडधड, मग शेवटच्या रात्री कसंबसं लिहून दिलेलं काम. मार्क कमी पडले की "मी नालायकच आहे" याचा पुरावा मिळाला. बरे पडले तर "सोपाच विषय होता, सगळ्यांनाच पडले". अपयश खरं, यश खोटं. घरचे त्याला आळशी म्हणत होते. परिपूर्णतेचा हट्ट बाहेरून कित्येकदा आळसासारखाच दिसतो, आणि त्यामुळे वर्षानुवर्षं ओळखू येत नाही. परीक्षेच्या आधी याच दुखण्याला आपण चिंता म्हणतो आणि निकालानंतर नैराश्य. करिना लिंबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २८४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य, चिंतेचे विकार, मंत्रचळ, खाण्याचे विकार या सगळ्यांशी या हट्टाचं नातं दिसून आलं. एका मुळातून इतकी झाडं वर येत असतील तर प्रत्येक झाडाची फांदी वेगवेगळी छाटत बसण्यापेक्षा मुळाकडे जावं, या विचाराला त्यातून बळ मिळालं.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोघांनी १९९१ मध्ये या हट्टाच्या तीन दिशा सांगितल्या. मी अचूक असायला हवं, ही पहिली. समोरच्याने अचूक असायला हवं, ही दुसरी. आणि तिसरी, जी मला आपल्या भागात सगळ्यांत जास्त दिसते: लोकांना मी अचूक हवा आहे, तसा नसलो तर मला कुणी जवळ करणार नाही. आपल्याकडे या तिसऱ्या दिशेला शास्त्रीय नाव द्यायची गरजच पडत नाही. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांत ती मावते.

आता हे आपल्याच भागात इतकं का, याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांत जमिनीने कधी कुणाला भरवसा दिला नाही. बाहेर पडायच्या वाटा मोजक्या होत्या: मुंबईची गिरणी, फौज, सोन्याचांदीची गलाई, आणि शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात राहून, श्रम करून शिकलेली एक अख्खी पिढी त्यातून उभी राहिली. ज्या घरात आजोबांना अंगठा उठवावा लागे, त्या घरातून एका पिढीत मामलेदार आणि प्राध्यापक निघाले. त्या घरांत मार्क म्हणजे नुसता आकडा नव्हता, ती नाव होती. म्हणून आज नातवाच्या मार्कांवर आजीचा जीव खालीवर होतो तेव्हा तिला दोष देऊन चालत नाही. तिने नाव बुडताना पाहिलेली आहे.

पण नदी पार झाल्यावरही आपण नाव डोक्यावर घेऊन चाललो आहोत. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा, मग दहावी, नीट नाही तर जेईई, आणि त्या हुकल्या की राज्यसेवा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झालं, याचा अभिमान इथल्या घराघरात आहे आणि त्याचं वजन दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या दप्तरात आहे. गावात कुणी फौजदार झालं की चौकात फ्लेक्स लागतो. त्या फ्लेक्सखालून रोज अभ्यासिकेत जाणारा, चौथ्यांदा परीक्षा देणारा तरुण मान खाली घालून जातो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. एकाने तर अभ्यासिकेचा रस्ताच बदलला होता.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एक मुलगी गेली. नीटच्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून वडिलांनी केलेल्या मारहाणीत ती दगावली, अशी फिर्याद पोलिसांत नोंदली गेली. तिच्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. पण त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या तीन आयांनी आपणहून तोच विषय काढला, आणि त्यातल्या एकीने विचारलेला प्रश्न ही पुस्तिका छापायला निमित्त झाला: "मी हात उगारत नाही, पण अठ्ठ्याण्णव पडले की मी पहिल्यांदा विचारते, दोन मार्क कुठे गेले. हे पण तेच का?"

विट्याकडचे एक आजोबा याच संदर्भात आठवतात. उमेदीची वर्षं त्यांनी परमुलखात गलाईच्या दुकानात काढलेली. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसं देशभर पसरली आहेत. जुनं सोनं गाळून, आम्लात घालून, त्यातली भेसळ काढून ते शुद्ध करायचं हा त्यांचा धंदा. नातीच्या उपचाराला ते सोबत यायचे आणि बाहेर बाकावर बसायचे. एकदा नात म्हणाली, "आजोबा, मला शंभर नंबरीच व्हायचंय." तेव्हा ते म्हणाले, "बाळ, आमच्या लगडीवर नऊशे नव्व्याण्णवचा शिक्का असतो. हजाराचा शिक्का मी उभ्या जन्मात मारला न्हाई." त्या एका वाक्याने तिचं दुखणं बरं झालं असं मी म्हणणार नाही. झालं नाही. पण पुढचे दोन महिने आमच्या बोलण्यात 'नऊशे नव्व्याण्णव' हा शब्द खुणेसारखा वावरत राहिला.

आता पद्धतींकडे वळते.

महाराष्ट्रात या विषयाची वाट विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने पाडली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ मध्ये सुरू केली. मुंबईचे कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी १९६८ पासून पत्रव्यवहार होता. त्यांनी ही पद्धत मराठीत आणली, शिकवली, तिच्यासाठी शब्द घडवले. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली आणि व्याख्यानांतून, पुस्तकांतून, नाटकाच्या रंगमंचावरून हे विचार घराघरात नेले. आमच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'विवेक' हा शब्द वेगळ्या लढाईसाठी वापरला, पण त्यामुळे इथल्या कार्यकर्त्यांच्या कानाला तो परका राहिला नाही. पुढे 'परिवर्तन' आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून 'मानसमित्र' तयार झाले, गावपातळीवर मनाचे प्रथमोपचार करणारे, तेव्हा ही जमीन आधीच नांगरलेली होती.

एलिस यांचं म्हणणं थोडक्यात असं. घटना आपल्याला दुःखी करत नाही, घटनेबद्दलची आपली हटवादी समजूत करते. त्यांनी सुरुवातीला ज्या अकरा अविवेकी समजुती सांगितल्या, त्यांत एक हीच आहे: किंमत असायची तर माणसाने सर्व बाबतींत पूर्ण कर्तबगार असायला हवं. इंग्रजीत त्यांना ही हटवादी सक्ती दाखवायला वेगळे शब्द लागले. मराठीत एका अक्षरात काम होतं. "मला पहिलं यायचंय" आणि "मला पहिलं यायलाच हवं" ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यातल्या 'च'मध्ये फास आहे. नववीतल्या मुलांना मी आपल्या रोजच्या बोलण्यातले 'च' मोजायला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी ती पोरं आईवडिलांचेही मोजून आणतात. आपल्या भाषेने दिलेलं इतकं सोपं साधन जगातल्या फार थोड्या समुपदेशकांना मिळालं असेल.

तरीही या पद्धतीचा एक धोका मी अनेकदा अनुभवला आहे. हट्टी माणूस विवेकाचाही हट्ट धरतो. "मला विवेकी विचार करायलाच हवा होता, मी परत चुकले," असं म्हणत एक बाई रडल्या होत्या. वाद घालून समजूत बदलण्याची ही रीत हुशार, बोलक्या, तर्कात रमणाऱ्या माणसांना झटकन पटते. पण पटणं आणि उतरणं यांत अंतर राहतं. एलिस यांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ते लोकांना मुद्दाम लाज वाटेल अशी निरुपद्रवी कृत्यं करायला लावत. न्यूयॉर्कमधली ती कृत्यं आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत. इथल्या सुनेला लाज सोडायला सांगितलं तर त्याची किंमत तिला घरात मोजावी लागेल. या पुस्तिकेत सुचवलेले प्रयोग त्यामुळे छोटे आहेत: एस.टी.त कंडक्टरला तिकिटाचे पैसे दुसऱ्यांदा विचारणं, लग्नाला इस्त्री न केलेला सदरा घालून जाणं, मोडक्या चकल्या ताटात मुद्दाम वर ठेवणं.

इथूनच बोधात्मक वर्तन उपचाराचं, म्हणजे सीबीटीचं, क्षेत्र सुरू होतं. ॲरन बेक यांनी नैराश्यासाठी घडवलेल्या या पद्धतीची खास परिपूर्णतेच्या हट्टासाठी बेतलेली आवृत्ती शफ्रन, सारा ईगन आणि ट्रेसी वेड यांनी तयार केली. एलिस वाद घालतात, ही मंडळी प्रयोग करायला लावतात. "एका चुकीसकट ईमेल पाठवलं तर काय होईल असं वाटतं?" "साहेब मला अकार्यक्षम ठरवतील." "पाठवून बघूया." साहेबांनी चूक पाहिलीही नाही, हे माणूस स्वतः अनुभवतो तेव्हा त्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. किती वेळा तपासलं की पुरे, विश्रांती घेतल्याने काम खरंच बिघडतं का, सगळं किंवा काहीच नाही यांच्या मधल्या पायऱ्या कुठल्या, असे साधे प्रश्न आणि त्यांची साधी मोजणी. २०२२ मध्ये अशा १५ यादृच्छिक चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. चुकांबद्दलची धास्ती लक्षणीय कमी झाली, नैराश्य मध्यम प्रमाणात उतरलं, चिंतेवरचा परिणाम त्याहून कमी दिसला. या मार्गाच्या बाजूने आज सगळ्यांत जास्त पुरावा आहे, आणि नव्या समुपदेशकाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे.

फक्त एक पाहावं. ज्याचं नैराश्य इतकं खोल आहे की अंथरुणातून उठवत नाही, त्याच्यापुढे समजुतींचे तक्ते ठेवण्यात अर्थ नाही. त्याला आधी हालचाल हवी. याबाबत आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांकरवी सहा ते आठ बैठकींचा एक उपक्रम चालवला. आयुष्यातून गळून गेलेल्या अर्थपूर्ण गोष्टी पुन्हा थोड्या थोड्या सुरू करायच्या, असा त्याचा गाभा. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या ४९५ जणांवर त्याची चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी उपक्रमातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आशा कार्यकर्ती, निवृत्त मुख्याध्यापिका, बचतगटाच्या ताई हे काम शिकू शकतात, याला इतका भक्कम आधार आपल्याच मातीतून मिळाला आहे. हा अभ्यास नैराश्याचा होता, परिपूर्णतेच्या हट्टाचा नव्हे. पण हट्टी माणसासाठी त्यातली एक गोष्ट मी जशीच्या तशी उचलते: काम लहान ठेवायचं, इतकं लहान की त्यात पहिलं यायची सोयच नसावी.

नात्यांकडे पाहणारी पद्धत याहून संथ आहे. ह्युइट, फ्लेट आणि सॅम्युएल मिकाइल यांनी २०१७ च्या पुस्तकात ती सविस्तर मांडली. तिचा प्रश्न वेगळा आहे. हा हट्ट कोणासाठी धरला गेला? कुणाच्या डोळ्यांत आपलं स्थान पक्कं व्हावं म्हणून एका लहान मुलाने अचूक व्हायचं ठरवलं? वहीवाल्या त्या शिक्षिका पुन्हा येऊ लागल्यावर उलगडलेली गोष्ट अशी, की चार बहिणींत त्या तिसऱ्या होत्या आणि वडील फक्त प्रगतिपुस्तक बघताना त्यांच्याशी बोलत. त्यांना 'च' कळला होता, चुका करून बघण्याचे प्रयोगही त्यांनी केले होते. पण ज्या दिवशी त्या ही गोष्ट बोलल्या त्या दिवसापासून पहाटेची धडधड कमी होत गेली. यावरून नात्यांचीच पद्धत श्रेष्ठ असा निष्कर्ष मी काढत नाही. आधीच्या दोन पद्धतींनी जमीन मऊ झाली नसती तर ती गोष्ट वर आली असती का, मला शंका आहे.

स्वतःशी मायेने बोलायला शिकवणारी जी पद्धत ब्रिटनच्या पॉल गिल्बर्ट यांनी विकसित केली, तिच्याबद्दल मी इथे थोडकंच लिहिते. पुस्तिकेत तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सज्जनगडाच्या पायथ्याच्या माणसांना मनाशी बोलणं नवं नाही. समर्थांचे मनाचे श्लोक पाठ असलेली पिढी अजून आमच्या गल्लीत आहे, आणि मनाला 'मना' अशी हाक मारता येणं ही मोठी सोय आहे. मात्र हट्टी माणसाला ती हाक चाबकासारखी वापरायची सवय असते. शब्द तोच ठेवून आवाज बदलायला शिकवावं लागतं, आजारी लेकराला हाक मारताना जसा असतो तसा. यालाही महिने लागतात.

आता ज्या अभ्यासामुळे माझी स्वतःची कामाची रीत बदलली, त्याबद्दल.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नैराश्यावरच्या उपचारांची एक मोठी तुलना केली. तीन शहरांतले २५० रुग्ण, चार गट: एकाला सीबीटी, एकाला नातेसंबंधांवर भर देणारा उपचार, एकाला इमिप्रामिन हे औषध, एकाला नुसती दिखाऊ गोळी आणि डॉक्टरांची भेट. मुदत १६ आठवडे. कोणता उपचार जिंकतो हे बघायचं होतं. पुढे येल विद्यापीठातल्या सिडनी ब्लाट यांनी त्याच नोंदी पुन्हा चाळल्या आणि १९९५ मध्ये वेगळीच गोष्ट समोर ठेवली. उपचार सुरू होण्याआधी ज्यांच्यात परिपूर्णतेचा हट्ट जास्त होता, ते चारही गटांत कमी सुधारले. गोळी असो वा बोलणं, उपचार कोणता याने फारसा फरक पडला नाही. पुढच्या विश्लेषणात आणखी एक दिसलं. ही माणसं पहिल्या आठ आठवड्यांत ठीक चालली होती. अडली ती उत्तरार्धात, शेवटची तारीख जवळ येऊ लागल्यावर. उपचारकाशी इतरांचं नातं जसजसं घट्ट होत गेलं, तसं यांचं झालं नाही.

हे वाचून मी कित्येक दिवस अस्वस्थ होते. सोळावा आठवडा म्हणजे त्यांच्यासाठी वार्षिक परीक्षा होती. 'बरं होणं' हाच एक विषय झाला होता, आणि त्यात आपण नापास होणार हे त्यांना दिसत होतं. माझ्या खोलीतही तेच चाललेलं मी पाहिलं होतं आणि ओळखलं नव्हतं. लोक मला बरं वाटावं म्हणून बरे होऊन दाखवत. "आता खूप फरक आहे मॅडम," असं म्हणून, पेढे ठेवून जात आणि परत येत नसत.

म्हणून पद्धतींच्या तुलनेत माझी बाजू विचाराल तर ती अशी. हट्टाला थेट हात घालणारी कोणतीही पद्धत, हट्टाकडे न बघता नुसती चिंता किंवा नुसतं नैराश्य उतरवू पाहणाऱ्या पद्धतीपेक्षा या माणसांसाठी बरी. पण ती वापरणारा परीक्षक होऊन बसला, तर कुठलीच पद्धत चालत नाही. खोलीत शिरताना रुग्ण परीक्षेला बसतो, हे गृहीतच धरावं. गृहपाठ न करता आलेल्याचं मी आता पहिल्यांदा स्वागत करते. माझी चूक झाली की ती तिथेच बोलून दाखवते: मागच्या वेळी मी तुमचं बोलणं मध्ये तोडलं, ते बरं केलं नाही. शेवटची तारीख आधीच ठरवत नाही, आणि ठरवावीच लागली तर त्या तारखेबद्दल तीन-चार बैठकी बोलतो. अर्धवट बरं होऊन घरी जाणं हा उपचाराचा मान्य शेवट आहे, हे मोकळेपणाने सांगते. सरकारी रुग्णालयात आठवड्याला शंभर माणसं तपासणाऱ्या सहकाऱ्यांना यातलं किती जमेल, याची मला कल्पना आहे. दोन मिनिटांत एवढं तरी जमतं, की वही सुंदर आहे असं म्हणू नये.

औषधांबद्दल एक शब्द. या पुस्तिकेत ती नाहीत म्हणून ती नकोत असा अर्थ कुणी काढू नये. झोप, भूक गेलेली असेल, कामं बंद पडली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, अगदी हसत बोललं, तरी ते खरं मानावं, त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दाखवावं. हट्टी माणसं मदत मागताना फार कमी शब्द वापरतात, कारण मदत मागणंच त्यांना चूक वाटतं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, तिथे मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र कधीही.

पुस्तिका कशी वाचावी याबद्दल लेखकांनी मला काही लिहायला सांगितलं आहे. ती पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. 'च' मोजायचा तक्ता चौथ्या प्रकरणात आहे, पालकांनी थेट सहावं काढावं, निकालाच्या दिवशी काय बोलावं हे त्यात आहे. स्वाध्याय अठ्ठावीस आहेत. कच्च्या खर्ड्यात 'सर्व स्वाध्याय पूर्ण करावेत' अशी सूचना होती. ती आम्ही काढली आणि तिथे 'कोणतेही नऊ' असं लिहिलं. नोंदींची पानं मुद्दाम साध्या, खरखरीत कागदावर छापली आहेत, शाई थोडी फुटते. रकान्यांच्या रेघा हाताने मारल्या आहेत आणि त्या सरळ नाहीत. छापखान्यातून दोनदा फोन आला, की रेघा नीट करून देतो, जादा पैसे घेणार नाही. त्यांना नको म्हणून सांगितलं आहे.